सफारीत सफर कमी, मुक्काम जास्त हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की पर्यटनाच्या पानांवर जोडप्यांसाठीच्या आफ्रिकी सफारींच्या जाहिराती झळकू लागतात. ‘दहा दिवस, तीन देश, बिग फाइव्ह’, म्हणजे सिंह-बिबट्यांसारखी पाच नामी जनावरं. शेजारी पाकळ्या तरंगणारा बाथटब आणि मागे जिराफ. पाकळ्यांबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘दहा दिवस, तीन देश’ या शब्दांबद्दल, कारण दोघांची सहल बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच. ‘सफारी’ म्हणजे स्वाहिलीत प्रवास. मूळ शब्द अरबी, आपल्याकडची ‘सफर’ही तिथलीच आणि ‘मुक्काम’ही. जाहिराती सफर विकतात, जनावरं मात्र मुक्कामात दिसतात.

साधा हिशेब मांडू. बहुतेक कॅम्पवर दिवसाला दोन फेऱ्या असतात. पहाटे पाच-साडेपाचला उठवतात, कॉफी होते, उजाडताना गाडी निघते आणि दहाच्या सुमारास परत येते. मग भरपेट न्याहारी आणि झोप. साडेतीन-चारला पुन्हा गाडी, ती अंधार पडेपर्यंत. एका ठिकाणी तीन रात्री राहिलात तर सहा फेऱ्या हाती लागतात: पोहोचल्या दिवशीची दुपारची, मधल्या दोन दिवसांच्या चार आणि निघायच्या दिवशीची सकाळची. मधल्या चार फेऱ्या निवांत होतात. एकच रात्र राहिलात तर कागदावर दोन फेऱ्या दिसतात, पण दोन्ही लंगड्या. आदल्या दिवशीचं विमान उशिरा उतरलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सामान गाडीत टाकून धावपट्टीकडे जाता जाता जे दिसेल ते. पाच रात्री पाच कॅम्प असा कार्यक्रम असेल तर दहापैकी एकही फेरी धड होत नाही.

दुसरं कारण गाइडचं. संध्याकाळी बिबट्यानं शिकार झाडावर चढवलेली गाइडनं पाहिली असेल, तर तो पहाटे सरळ त्याच झाडाखाली गाडी नेतो. चित्त्याची मादी पिल्लांना घेऊन कोणत्या माळावर आहे हे त्याला काल कळलेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला काय आवडतं हेही त्याला कळू लागतं. रोज कॅम्प बदलणाऱ्याला रोज नवा गाइड आणि रोज तेच ‘सिंह पाहायचे का?’ म्हणून सात रात्री असतील तर दोन ठिकाणं, दहा असतील तर तीन. एका ठिकाणी तीनपेक्षा कमी रात्री शक्यतो नकोत. अपवाद टांझानियातल्या न्गोरोन्गोरो विवराचा. त्याचा तळ साधारण २६० चौरस किलोमीटरचा आहे आणि तो एका दिवसात नीट पाहून होतो. कड्यावरची लॉज बावीसशे मीटरच्या आसपास, पहाटे धुकं आणि कडाक्याची थंडी. तिथे एक रात्र पुरे.

रस्त्यानं जायचं की छोट्या विमानानं, हा प्रश्नही याच हिशेबात बसतो. नैरोबीहून केनियातलंच मसाई मारा हे राखीव रान रस्त्यानं पाच-सहा तास, विमानानं तासाभराच्या आत. टांझानियात अरुशा शहराहून सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचा मध्यभाग रस्त्यानं सात-आठ तास, तेही धुळीतून आणि खडखडाटात. जाताना रस्ता आणि येताना विमान ही तडजोड चांगली. वाटेतला प्रदेशही पाहून होतो आणि शेवटच्या दिवसाची सकाळ वाचते. मात्र ही विमानं एसटीसारखी धावपट्ट्या घेत जातात. तीन-चार ठिकाणी उतरतात आणि क्रम प्रवाशांप्रमाणे बदलतो. आपल्या धावपट्टीचं नाव पाठ ठेवावं आणि उतरण्याआधी वैमानिकाला विचारावं. आणखी एक जागा जिथे हमखास फसगत होते: नैरोबीत आंतरराष्ट्रीय विमान जोमो केन्याटा विमानतळावर उतरतं आणि माराकडे जाणारं बहुतेक वेळा विल्सनवरून उडतं. दोन्ही वेगळे आहेत आणि मधली वाहतूक कधी अडेल याचा नेम नाही. दोन विमानांमध्ये तीन तासांचं अंतर कागदावर पुरेसं वाटतं, प्रत्यक्षात पुरत नाही. पहिली रात्र नैरोबीतच काढावी.

आता महिना. जोडप्यांची चूक अशी की आधी तारीख पक्की होते, लग्नाचा वाढदिवस किंवा लग्नानंतरचा पहिला पंधरवडा, मग देश, आणि हवामान सगळ्यात शेवटी. तारीख हलणार नसेल तर देश हलवावा. एप्रिल-मेमध्ये केनिया आणि उत्तर टांझानियात मोठा पाऊस असतो. माराची काळी माती चिकणी, त्यात चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा रुतते, आणि बरेच कॅम्प या काळात बंदच असतात. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत पाऊस ओसरून हवा सुखद झालेली असते. ऑक्टोबरमध्ये झांबियाच्या साउथ लुआंग्वा उद्यानात जनावरं उरल्यासुरल्या पाण्याभोवती दाटतात, पण पारा चाळिशीला टेकतो. दोघांपैकी एकाला उन्हाचा त्रास होत असेल तर ऑगस्ट किंवा सप्टेंबरची सुरुवात बरी. जुलैमध्ये आफ्रिकेच्या दक्षिणेकडे उघड्या गाडीतून पहाटे निघालात तर हातमोजे आणि कानटोपी लागते. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ ही समजूत पहिल्याच सकाळी जाते, आणि तोवर दुकान शेकडो किलोमीटर मागे राहिलेलं असतं.

बोत्स्वानाचा ओकावांगो त्रिभुज प्रदेश तर उलट्या पंचांगाचा. अंगोलाच्या डोंगरांत साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडलेलं पाणी वाळूतून सरकत सरकत इथे पोहोचतं ते स्थानिक पाऊस संपल्यावर. त्यामुळे जून ते ऑगस्टच्या कोरड्या, थंड दिवसांत पूर भरात असतो. मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून फिरायचं तर हेच दिवस. होडीत दोघंच बसतात, मागे उभा असलेला माणूस लांब काठीनं होडी ढकलतो, पाणी गुडघा-मांडीभर, इंजिनाचा आवाज नाही. एका गाडीत सहाजण बसून जे मिळत नाही ते इथे मिळतं. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हजारावं स्थळ म्हणून याच प्रदेशाची नोंद झाली.

विल्डबीस्टच्या, म्हणजे गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांच्या महास्थलांतराबद्दल सगळ्यांनाच ओढ असते आणि गैरसमजही तितकेच. ही एखाद्या तारखेची जत्रा नव्हे. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, सोबत लाखांनी झेब्रे वर्षभर फिरत असतात. डिसेंबर ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या आखूड गवताच्या माळावर असतात. फेब्रुवारीच्या आसपास तिथे दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पिल्लं जन्मतात आणि तरस, सिंह, चित्ते त्यांच्या मागावर असतात. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेकडे ग्रुमेती नदीकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर ते उत्तरेला, मारा नदीच्या दोन्ही काठांवर. ज्या दृश्यासाठी लोक येतात ते नदी ओलांडणं याच महिन्यांत होतं, पण कुठल्या दिवशी, कुठल्या उतारावरून हे कोणालाही सांगता येत नाही. कळप काठावर चार तास उभा राहतो आणि पाण्यात पाऊल न टाकता माघारी वळतो. ‘ओलांडणं दाखवण्याची हमी’ देणारा एजंट बदलावा. निदान चार रात्री नदीजवळ काढायची तयारी असेल तरच हा बेत करावा. एक बारकावा: नदी दोन्ही देशांत आहे. टांझानियाच्या बाजूला कोगातेंदे भागात गाड्यांची गर्दी सहसा केनियापेक्षा कमी असते.

गर्दीचा विषय निघालाच आहे तर खर्चाचंही सांगून टाकू. मसाई मारा राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढांना २०२४ पासून माणशी दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेशशुल्क लागतं, आणि तिकीट बारा तासांचं असतं. भर हंगामात दोघांचं तीन दिवसांचं नुसतं शुल्क १,२०० डॉलर. पॅकेजच्या किमतीत हे धरलं आहे का, हे लेखी विचारावं. राखीव क्षेत्राला लागून मसाई जमीनमालकांकडून भाडेपट्ट्यानं घेतलेल्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी राखीव रानं आहेत: नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ. तिथे कॅम्पच्या पाहुण्यांनाच प्रवेश असतो आणि एका जनावराभोवती किती गाड्या थांबाव्यात यावर मर्यादा असते, साधारण पाच. रात्रीची फेरी आणि पायी फिरणं चालतं, वाट सोडून गाडी नेता येते. मुख्य राखीव क्षेत्रात यातलं काही चालत नाही. दोघांसाठी आमचं मत स्पष्ट आहे: मुक्काम कॉन्झर्व्हन्सीत आणि एक दिवस नदीसाठी मुख्य क्षेत्रात. दक्षिण आफ्रिकेत हेच नातं क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेल्या, मध्ये कुंपण नसलेल्या साबी सँडचं आहे. बिबट्या जवळून पाहायचा तर साबी सँड.

आता गाडी. आमच्या मते सगळ्या नियोजनातला हा सर्वांत मोठा निर्णय, आणि जाहिरातीत तो एका ओळीतही नसतो. सामायिक गाडीत सहा अनोळखी माणसं. एकाला पक्षी हवेत, एकाला सिंहाच्या शेपटीचे तीनशे फोटो, एकाला नऊला न्याहारी. बहुमतानं गाडी पुढे जाते आणि तुम्ही दोघं मागे वळून बिबट्याकडे पाहत राहता. स्वतंत्र गाडीचं भाडं माणशी नसतं, गाडीमागे असतं, म्हणून ते दोघांत महाग वाटतं. न्गोरोन्गोरो विवरात उतरण्याचं शुल्कही असंच गाडीमागे आहे. तरीही पैसे मोजायचेच तर मोठ्या तंबूऐवजी स्वतंत्र गाडीसाठी मोजावेत. तंबूत जागेपणी तीन तास जातात, गाडीत आठ. पूर्ण सहलीला परवडत नसेल तर एका कॅम्पपुरती घ्यावी, शेवटच्या. तोवर आपल्याला काय पाहायचं आहे हे दोघांनाही कळलेलं असतं.

सामायिक गाडी घेणारच असाल तर एका गाडीत जास्तीत जास्त किती माणसं आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का, हे दोन प्रश्न विचारा. ‘सात जागांची गाडी’ म्हणजे सात खिडक्या नव्हेत. पूर्व आफ्रिकेत छत वर उचलणारी बंद लँड क्रूझर असते. उभं राहून चारही बाजूंना पाहता येतं, पण उंची कमी असेल तर छताची कड नेमकी डोळ्यांसमोर येते. दक्षिणेकडे बाजू उघड्या असलेली, पायऱ्यांसारख्या चढत्या तीन रांगांची गाडी असते. मागची रांग सगळ्यात उंच, नजारा उत्तम, आणि हादरेही सगळ्यात जास्त. पाठीचं दुखणं असेल तर ड्रायव्हरच्या मागची पहिली रांग मागून घ्यावी, संकोच करू नये. या उघड्या गाडीत उभं राहायचं नाही. सिंहाला गाडी आणि माणसं मिळून एकच आकार दिसतो. कोणी उठलं की तो आकार मोडतो आणि इतका वेळ दुर्लक्ष करणारं जनावर मान वर करतं.

दुर्बिणी दोन घ्याव्यात. एका दुर्बिणीत दोघं हे गणित पहिल्या फेरीतच बिघडतं. एकाला बिबट्या सापडतो, दुर्बीण हस्तांतरित होईपर्यंत बिबट्या गवतात. आठ पटीची, ३२ किंवा ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. दहा पट गाडीत हातात थरथरते. कॅमेरा एकच असला तरी चालेल, शंभर ते चारशे मिलिमीटरची झूम लेन्स असली की बहुतेक काम भागतं. तिपाईला गाडीत जागाच नसते. कापडी पिशवी रिकामी न्यावी, कॅम्पवर तांदूळ किंवा डाळ मागून भरावी, गाडीच्या काठावर ठेवून लेन्स तिच्यात रुतवावी. आणि गाइडला इंजिन बंद करायला सांगावं. चालू डिझेल इंजिनाचा कंप छतापासून लेन्सपर्यंत पोहोचतो आणि घरी आल्यावर सगळे फोटो किंचित हललेले निघतात, दोष मात्र लेन्सला दिला जातो. लेन्स गाडीत बदलू नये, धूळ बारीक पिठासारखी असते. फेरी संपेपर्यंत कॅमेरा जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मांडीवर. पण दिवसातली एक फेरी कॅमेऱ्याशिवाय करावी, म्हणजे शेजारी बसलेलं आपलं माणूसही दिसेल.

सामानाची मर्यादा लोक गंभीरपणे घेत नाहीत. केनिया-टांझानियातल्या छोट्या विमानांत साधारण १५ किलो आणि बोत्स्वानात २०, हातातल्या पिशवीसह. पिशवी मऊ हवी, चाकांची कडक पेटी चालत नाही, कारण सामान विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात छोट्या दारातून कोंबतात आणि पेटी तिथे शिरतच नाही. वजन प्रत्यक्ष करतात. दोघांनी आपापला एकेक जोड दुसऱ्याच्या पिशवीत ठेवावा. एक पिशवी मागे राहिली तरी दोघांचं भागतं. औषधं, चष्मा आणि दुर्बीण हातातल्या पिशवीत. कपडे तीन जोड पुरे. बहुतेक कॅम्पवर धुऊन मिळतात, फक्त अंतर्वस्त्रं काही ठिकाणी पाहुण्यांनाच धुवावी लागतात, त्यासाठी तंबूत पावडर ठेवलेली असते.

रंगाचं म्हणाल तर गाडीत खाकीच हवं असं काही नाही, पण गडद निळा आणि काळा टाळावा. त्सेत्से माशी या दोन रंगांवर तुटून पडते, तिला पकडायचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच असतात. तारांगिरे, पश्चिम सेरेंगेटी, लुआंग्वा इथे ती भेटते, जाड कापडातूनही चावते आणि डासांच्या मलमाला फारशी जुमानत नाही. लष्करी छपाईचे कपडे मुळीच नकोत. झिंबाब्वे, झांबिया, बोत्स्वाना या देशांत सामान्य माणसाला ते घालायला बंदी आहे. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग केनियानं २०१७ पासून आणि टांझानियानं २०१९ पासून बंद केल्या आहेत, विमानतळावरून सामानाला गुंडाळून आणलेली पिशवीसुद्धा काढून घेतात. ड्रोन घरीच ठेवा.

तंबूबद्दल बोलू. बुकिंग करताना ‘एक मोठा पलंग’ की ‘दोन वेगळे’ हे लेखी घ्यावं, यात गोंधळ नेहमीचा. ‘हनिमून तंबू’ मागताना लक्षात ठेवा की तो सहसा ओळीच्या अगदी टोकाला असतो. एकांत मिळतो, पण कुंपण नसलेल्या कॅम्पमध्ये अंधार पडल्यावर जेवणाच्या मांडवापासून तिथपर्यंत पहारेकऱ्याशिवाय जाता येत नाही. त्याला ‘आस्कारी’ म्हणतात. तो टॉर्च घेऊन पुढे चालतो, मध्ये थांबतो, झुडपावर झोत टाकतो, मग हात हलवतो. तो थांबला की थांबायचं. रात्री पाणघोडे पाण्याबाहेर येऊन तंबूच्या दोरीपाशी गवत कुरतडतात, त्या आवाजानं झोप उडते. दोघांपैकी एकाची झोप सावध असेल तर नदीकाठच्या तंबूऐवजी मधला मागावा. तंबूची चेन दिवसाही दोन्ही टोकांनी बंद हवी. माकडं टूथपेस्टसुद्धा पळवतात.

फिरत्या, म्हणजे हंगामाप्रमाणे जागा बदलणाऱ्या कॅम्पवर अंघोळ बादलीची असते आणि तिचं एक तंत्र आहे. तंबूमागे कप्पीवर कॅनव्हासची पिशवी टांगलेली असते, वीसेक लिटर पाणी मावेल अशी. माणूस बाहेरून ‘पाणी तयार’ असं ओरडतो, गरम पाणी ओतून पिशवी वर खेचतो. आत साखळी ओढली की झारीतून पाणी. अंग ओलं करा, साखळी सोडा, साबण लावा, मग पुन्हा ओढा. असं केलं तर एका पिशवीत दोघांची अंघोळ होते. सुरुवातीपासून पाणी चालू ठेवलं तर पहिल्याच माणसाच्या डोक्याला फेस असताना पिशवी संपते. वीज सौर, म्हणून केस वाळवायचं यंत्र चालत नाही. मोबाइल आणि बॅटऱ्या काही ठिकाणी मुख्य मांडवातच चार्ज होतात, तेव्हा जास्तीची बॅटरी हवी.

दोघांनी निघण्यापूर्वीच ठरवायच्या दोन गोष्टी. पहिली, रोज पहाटे पाचला उठणं दोघांनाही जमणार आहे का? नसेल तर एकानं एखादी फेरी खुशाल चुकवावी, कॅम्पची त्याला हरकत नसते आणि रुसण्याचंही कारण नाही. दुसरी, एका जनावरापाशी किती वेळ थांबायचं? झोपलेल्या सिंहाला पाहून एकाला दहा मिनिटांत कंटाळा येतो, दुसऱ्याला तो उठेपर्यंत थांबायचं असतं. सिंह दिवसाचा बहुतांश काळ झोपतो. म्हणून संध्याकाळी, ऊन कललं की थांबावं, सकाळी नऊनंतर पुढे जावं. ‘बिग फाइव्ह’ची यादीही घरी ठेवावी. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही पायी शिकार करायला सर्वांत धोक्याची जनावरं म्हणून शिकाऱ्यांनी केलेली ती यादी. तिच्यात चित्ता नाही, जिराफ नाही, रानकुत्रे नाहीत.

स्वतः गाडी चालवत फिरायचं असेल तर क्रूगर आणि नामिबियातलं एतोशा सोयीचं. क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात वीस-पंचवीसनंच चालवावं म्हणजे दिसतं. फाटक बंद व्हायची वेळ महिन्यागणिक बदलते, उशिरा पोहोचलात तर दंड. चालवणाऱ्याला कमी दिसतं, म्हणून दर दोन तासांनी, गाडीतून उतरायची परवानगी असलेल्या जागीच, अदलाबदल करावी. एतोशात ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात. कठड्यामागच्या बाकावर बसून राहायचं. गेंडे पाण्यावर येतात, हत्ती येतात. दोघांसाठी याहून स्वस्त आणि चांगली संध्याकाळ आम्हाला माहीत नाही.

गरम हवेच्या फुग्यातून उड्डाण तासाभराचं असतं आणि त्यासाठी सकाळची फेरी जाते. माराच्या किंवा सेरेंगेटीच्या विस्तीर्ण माळावर एकदा ठीक, दोन रात्रींच्याच मुक्कामात नको. समुद्रकिनारा जोडायचा तर शेवटी. आधी आराम आणि मग पहाटे पाचची उठबस हे कोणाच्याच पचनी पडत नाही. झांझिबारला जाणार असाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या सरकारी विमा कंपनीचाच ४४ डॉलरचा प्रवासविमा परदेशी पाहुण्यांना सक्तीचा आहे. तुमचा घरचा विमा त्याऐवजी चालत नाही. आणि झांझिबारचा विमा घेतला म्हणून घरचा टाळूही नये. रानातून विमानानं रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे वाचूनच घ्यावा.

बक्षिसीसाठी डॉलरच्या लहान नोटा न्याव्यात. गाइडला माणशी दिवसाला दहा ते वीस डॉलर ही साधारण रीत, कॅम्पच्या बाकी लोकांसाठी वेगळी पेटी असते. २००६ पूर्वीच्या छपाईच्या नोटा पूर्व आफ्रिकेत बरेच जण घेत नाहीत, फाटक्या किंवा शाई लागलेल्याही नाहीत. केनियाला २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो, तो दोघांचा वेगवेगळा.

तब्येतीचं शेवटी लिहितो आहोत, पण कामाला लागायचं ते आधी. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. एका आफ्रिकी देशातून दुसऱ्यात जाताना किंवा घरी परतताना ते मागू शकतात. मूळ प्रत पासपोर्टसोबत हवी, मोबाइलमधला फोटो नव्हे. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू होते आणि परतल्यावर सात दिवस चालते. डॉक्सीसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते आणि तिनं उन्हात त्वचा लवकर भाजते, उघड्या गाडीत ते अडचणीचं. गरोदरपणात हिवतापाच्या प्रदेशात जाऊच नये, आणि तशी शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. गोळीची निवड त्यावर ठरते. अशा जोडप्यांनी सफारी सोडून द्यावी असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेतलं मादिक्वे, पिलानेसबर्ग आणि ईस्टर्न केपमधलं आदो हिवतापमुक्त आहेत, सिंह आणि हत्ती तिथेही आहेत. फक्त खडखडाटाचा प्रवास झेपेल का, ते डॉक्टरांनाच विचारावं.

गोळ्या बुडतात त्या घरी आल्यावर. बॅगा रिकाम्या झाल्या, फोटो पाठवून झाले की सातव्या दिवसाची गोळी कोणाच्या लक्षात राहत नाही. दोघांनी मोबाइलवर वेगवेगळा गजर लावावा. आणि परतल्यानंतरच्या काही महिन्यांत दोघांपैकी कोणालाही ताप आला, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून पॅरासिटामॉलवर वेळ काढू नये. त्याच दिवशी रक्ततपासणी करावी आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगावं ते आफ्रिकेत कुठे आणि कधी होतो हे.

आपले,
दोन नियमित वाचक